ओआहूच्या समुद्रात कोणी, कुठे आणि केव्हा उतरावे?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या भगिनी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कुटुंबासह हवाईतील ओआहू बेटावर सात दिवसांसाठी जाणार आहेत. बरोबर यजमान, 11 वर्षांची मुलगी, 6 वर्षांचा मुलगा, 71 वर्षांचे सासरे आणि गुडघेदुखीमुळे फार चालू न शकणाऱ्या सासूबाई असतील. सर्वांनी एकत्र स्नॉर्केलिंग करावे, म्हणजे डोळ्यांवर मास्क लावून, तोंडातील नळीने श्वास घेत, पाण्यावर पालथे तरंगून खालचे मासे पाहावेत, ही यजमानांची जुनी इच्छा आहे. त्यांनी हनाउमा बे, शार्क्स कोव्ह, कुइलिमा कोव्ह, को ओलिना आणि इलेक्ट्रिक बीच अशी पाच ठिकाणे निवडली असून छायाचित्रे पाहून त्यांचा कल शार्क्स कोव्हकडे आहे. पत्रलेखिकेला पोहता येत नाही आणि मुलांच्या काळजीने त्यांना झोप लागत नाही. सासरे तरुणपणी भरलेली नदी पोहून जात असत. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू असली तरी त्यांची मात्र चिंता वाटत नाही, असे त्या लिहितात. "मी सासूबाईंबरोबर किनाऱ्यावर बसून सगळ्यांवर लक्ष ठेवीन. या पाचांपैकी मुलांसाठी सर्वांत सुरक्षित किनारा कोणता, तेवढे सांगा. मी नको म्हटले, तर सहलीचा विरस केल्याचा दोष माझ्याकडे येईल," असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात एक वाक्य ओझरते येऊन गेले आहे आणि मी त्याच वाक्यापाशी सर्वांत जास्त वेळ थांबले. सासऱ्यांची चिंता वाटत नाही, कारण ते पट्टीचे पोहणारे आहेत, असे तुम्ही लिहिता. किनाऱ्यांकडे मी वळणारच आहे. पण त्याआधी या वाक्याविषयी बोलणे मला आवश्यक वाटते, कारण तुमच्या कुटुंबात स्नॉर्केलिंगचा धोका सर्वांत जास्त कोणाला असेल, तर तो बहुधा त्यांनाच आहे.

हवाईत बुडून मृत्यू पावणाऱ्या पर्यटकांमध्ये स्नॉर्केलिंग करताना दगावणाऱ्यांचा वाटा मोठा आहे आणि त्यांत मध्यम वय ओलांडलेले पुरुष ठळकपणे अधिक आहेत. हे सगळे खवळलेल्या समुद्रात घडत असावे, असा आपला समज असतो. तेथील राज्याच्या आरोग्य विभागाच्या आणि पर्यटन प्राधिकरणाच्या पाठबळाने या घटनांचा अभ्यास झाला, तेव्हा वेगळेच चित्र समोर आले. कित्येकदा पाणी शांत होते, जागा उथळ होती, आणि माणसाला चांगले पोहता येत होते. अभ्यासकांनी मांडलेले कारण असे: नळीतून श्वास आत ओढताना नेहमीपेक्षा जास्त जोर लावावा लागतो, नळी अरुंद असली, तिला झडपा असल्या किंवा माणूस दमून भराभर श्वास घेऊ लागला, की हा जोर आणखी वाढतो, छातीत निर्माण होणाऱ्या त्या ओढीमुळे रक्तवाहिन्यांतील द्रव फुप्फुसांत झिरपू लागतो आणि नाकातोंडात एक थेंबही पाणी गेलेले नसताना माणसाचा दम कोंडतो, हातापायांतील शक्ती जाते, मन गोंधळते. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा विकार असेल, तर ही शक्यता वाढते.

म्हणून नदी पोहून जाण्याचा अनुभव येथे पुरेसा पडत नाही. पोहणारा माणूस डोके वर काढून मोकळ्या हवेत श्वास घेतो आणि स्नॉर्केल लावलेला माणूस ती हवा एका नळीतून ओढून घेतो. हे दोन वेगळे श्रम आहेत. सासऱ्यांनी जाण्याआधी आपल्या डॉक्टरांना नेमके हेच विचारावे, की "मी नळीतून श्वास घेत पाण्यात तरंगणार आहे, तर चालेल का?" नुसते "पोहू का?" असे विचारले, तर उत्तर चुकीच्या प्रश्नाचे मिळेल. डॉक्टरांनी होकार दिला, तरीही त्यांची नळी साधी, रुंद आणि बिनझडपांची असावी. संपूर्ण चेहरा झाकणारा मास्क त्यांनी वापरू नये, कारण दम लागल्यावर तो झटकन तोंडावरून काढता येत नाही. आणि पाणी छातीच्या वर जाऊ देऊ नये. दम लागल्यासारखे वाटताच आधी नळी तोंडातून काढावी, मग उभे राहावे आणि मग बाहेर यावे. हा क्रम त्यांच्याकडून तीन-चार वेळा करवून घ्या. लांबच्या विमानप्रवासानंतर दोन-तीन दिवस स्नॉर्केलिंग टाळावे, अशीही सूचना त्या अभ्यासातून पुढे आली. प्रवासाचा आणि या विकाराचा संबंध सिद्ध झालेला नाही. परंतु सात दिवसांच्या मुक्कामात पहिले दोन दिवस वाट पाहण्यात तुमचे काहीच जात नाही.

हे त्यांना सांगायचे कसे, हा प्रश्न तुमच्या मनात येईल. सुनेने सासऱ्यांना "तुम्हाला जमणार नाही" असे सांगण्याचा प्रसंगच येऊ देऊ नका. नियम सर्वांसाठी एकच करा: घरातील कोणीही छातीपेक्षा खोल पाण्यात जायचे नाही आणि कोणीही एकट्याने पाण्यात राहायचे नाही. तो तुमच्या यजमानांनी वडिलांसमोर स्वतःलाही लागू करून सांगितला, तर कोणाचा मान दुखावत नाही. शिवाय एक सोपी वाटही मोकळी आहे. त्यांनी नळी लावूच नये. केवळ मास्क लावावा, क्षणभर चेहरा पाण्यात घालून पाहावे आणि नेहमीसारखे डोके वर काढून श्वास घ्यावा. मासे तेवढेच दिसतात. त्यांना मिशा असतील, तर मास्कच्या कडेतून पाणी आत झिरपत राहील; नाकाखालची बोटभर रुंदीची पट्टी साफ केली, की कड त्वचेला नीट बसते.

आता किनाऱ्यांकडे येते. तुम्ही "सर्वांत सुरक्षित किनारा कोणता" असे विचारता, जणू सुरक्षितता ही किनाऱ्याच्या अंगी कायमची असते. ओआहूवर ती ऋतूप्रमाणे आणि तासातासाने बदलते. याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे तुमच्या यजमानांच्या मनात भरलेले शार्क्स कोव्ह. बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील पुपुकेआ येथील हे ठिकाण 1983 पासून सागरी जीवांसाठी संरक्षित आहे आणि जून-जुलैत तेथील पाणी एखाद्या तळ्यासारखे निवळ व स्थिर असते. त्यांनी पाहिलेली छायाचित्रे त्याच महिन्यांतील असणार. हिवाळ्यात उत्तर पॅसिफिकमध्ये वादळे उठतात, त्यांच्या लाटा हजारो किलोमीटर अंतर कापून याच किनाऱ्यावर आदळतात आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात त्या सहा मीटरच्या वर जाऊ शकतात. जगभरचे लाटांवर स्वार होणारे कसलेले खेळाडू त्याच महिन्यांत तेथे जमतात, यावरूनच काय ते समजावे. तेव्हा यजमानांना "शार्क्स कोव्ह नको" असे म्हणण्याऐवजी "शार्क्स कोव्ह डिसेंबरात नको" असे म्हणा. त्यांची निवड चुकीची नाही, महिना चुकीचा आहे. आणि हे तुमच्या भीतीवरून ठरत नसून समुद्राच्या वेळापत्रकावरून ठरते, त्यामुळे विरस केल्याचा दोष तुमच्याकडे येण्याचे कारणच उरत नाही. त्या लाटा पाहण्यासाठी एक दुपार उत्तर किनाऱ्यावर जरूर घालवा, मात्र वाळूच्या अगदी मागच्या कडेला उभे राहून. ओल्या खडकांवर चढून नव्हे.

कुइलिमा कोव्हही उत्तरेलाच आहे. त्याच्या तोंडाशी खडकांचा आडोसा असल्याने आत लाटांचा जोर कमी होतो, हे खरे; पण डिसेंबरात त्या आडोशावर भिस्त ठेवून दोन मुलांना पाण्यात उतरवावे, असे मला वाटत नाही. इलेक्ट्रिक बीच यादीतून काढूनच टाका. तेथे वीजकेंद्राच्या नळांतून बाहेर पडणाऱ्या कोमट पाण्याभोवती मासे जमतात, परंतु तेथपर्यंत खोल पाण्यातून बरेच अंतर पोहत जावे लागते आणि नळांच्या तोंडाशी पाण्याचा जोर मोठा असतो.

को ओलिना येथे पश्चिम किनाऱ्यावर खडकांचे बांध घालून तयार केलेली चार अर्धवर्तुळाकार लगून, म्हणजे समुद्राच्या पाण्याची उथळ तळी, आहेत. तळाशी वाळू, पाणी संथ, शेजारी हिरवळ आणि सावली, त्यामुळे सहा वर्षांच्या मुलाने पहिल्यांदा मास्क लावून पाण्यात तोंड घालण्यासाठी याहून सोयीची जागा मला सुचत नाही. मात्र मासे फार नसतात. जे असतात ते बांधाच्या खडकांजवळ. बांधांमधील ज्या फटींतून समुद्राचे पाणी आत-बाहेर करते, तेथे ओढ असते, म्हणून मुलांना त्या फटींपासून दूर ठेवावे. तेथे शासकीय जीवरक्षक नसतात, हेही लक्षात असू द्या. सार्वजनिक वाहनतळ लहान असल्याने सकाळी लवकर पोहोचावे लागते. सराव येथे करावा आणि मासे पाहायला हनाउमाला जावे, असा माझा सल्ला आहे.

हनाउमा बेविषयी थोडे सविस्तर लिहिते. जुन्या ज्वालामुखीच्या विवराची समुद्राकडील भिंत ढासळून तेथे पाणी शिरले आणि हा उपसागर तयार झाला. त्याचे तोंड आग्नेयेला आहे, त्यामुळे उत्तरेकडून येणाऱ्या हिवाळी लाटांचा त्याला थेट मारा बसत नाही. किनाऱ्याला लागून प्रवाळाचा रुंद पट्टा आहे आणि त्याच्या आतल्या बाजूला कमरेएवढ्या पाण्याचे, वाळूच्या तळाचे मोकळे खळगे आहेत. तुमच्या कुटुंबाची जागा तीच. 1967 मध्ये हवाई राज्याने सागरी जीवांसाठी राखून ठेवलेले हे पहिले क्षेत्र. येथे पूर्वी पर्यटक माशांना खाऊ घालत असत; ते पुढे बंद करण्यात आले. 2020 मध्ये महामारीमुळे उपसागर कित्येक महिने बंद राहिला, तेव्हा पाणी पूर्वीपेक्षा स्वच्छ झाल्याचे अभ्यासकांना आढळले आणि पुन्हा उघडल्यावर दररोज येणाऱ्यांची संख्या कमी ठेवण्यात आली. आत सोडण्यापूर्वी प्रत्येकाला एक छोटी चित्रफीत दाखवतात. ती मुलांना मनापासून पाहू द्या. आईबापांनी दहा वेळा सांगितलेले जे पटत नाही, ते तेथे एकदा पाहून पटते.

येथे जाण्यासाठी वेळ आधी राखून ठेवावी लागते. आरक्षण दोन दिवस आधी हवाईच्या वेळेनुसार सकाळी 7 वाजता खुले होते आणि पाहता पाहता संपते, तेव्हा घड्याळ लावून बसा. 13 वर्षांपासून पुढच्या बाहेरच्या पाहुण्यांना प्रत्येकी 25 डॉलर प्रवेशशुल्क आहे, त्याहून लहान मुलांना नाही. वाहनतळाचे शुल्क वेगळे. सोमवारी आणि मंगळवारी उपसागर बंद असतो, शिवाय 25 डिसेंबर आणि 1 जानेवारीलाही, त्यामुळे तुमच्या सात दिवसांत हाताशी तीन-चारच दिवस उरतात. निघण्याआधी वेळा व दर एकदा तपासून घ्या आणि शक्य तितकी सकाळची वेळ निवडा. दिवस वर येतो तसा व्यापारी वाऱ्यांचा जोर वाढतो, पाण्यावर लहान लाटा उठतात, माणसांच्या पायांनी वाळू ढवळली जाते आणि सकाळी काचेसारखे दिसणारे पाणी दुपारी गढुळते. वरून खाली किनाऱ्यापर्यंतचा रस्ता तीव्र उताराचा आहे. तेथे लहान गाडी चालते, सासूबाईंनी तीच घ्यावी. परत चढून येताना सासऱ्यांनीही गाडीच घ्यावी, कारण स्नॉर्केलिंगनंतर लगेच तो चढ चढण्याइतका मोठा श्रम टाळलेलाच बरा.

हनाउमासुद्धा निर्धास्त होण्याची जागा नाही. प्रवाळाच्या पट्ट्यातून बाहेरच्या खोल पाण्याकडे जाणाऱ्या वाटा आहेत आणि पट्ट्यावर चढलेले पाणी त्यांतूनच परत बाहेर पडते. तेथे ओढ लागते. मनोऱ्यावरील जीवरक्षकांकडे जाऊन "आज सहा वर्षांच्या मुलाला घेऊन कोठे उतरावे आणि कोठे जाऊ नये?" असे थेट विचारा. हा प्रश्न त्यांना रोज कोणीतरी विचारायलाच हवा, पण बहुतेक जण विचारत नाहीत. ओढीत कोणी सापडलेच, तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजून दम घालवू नये. पाठीवर तरंगत राहावे, हात उंच करून हलवावा आणि ओढ ओसरल्यावर बाजूने परतावे.

निघण्याआधी पौर्णिमेची तिथीही पाहा. ओआहूच्या दक्षिणेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यांवर, म्हणजे वायकिकी या पर्यटकांनी गजबजलेल्या किनाऱ्यावर आणि हनाउमालाही, पौर्णिमेनंतर साधारण 8 ते 12 दिवसांनी पेटीच्या आकाराचे दंश करणारे जेलीफिश येतात. त्यांचा डंख फार वेदनादायक असतो आणि लहान मुलाला तो अधिक बाधतो. ते दिवस तुमच्या सहलीत येत असतील, तर त्या दिवसांसाठी पाण्याबाहेरचा कार्यक्रम ठरवा.

तुम्ही किनाऱ्यावर बसून सगळ्यांवर लक्ष ठेवणार आहात. मला तुमच्या मनातील तळमळ समजते. पण किनाऱ्यावरून तुम्हाला नेमके काय दिसणार? स्नॉर्केल लावलेला माणूस पालथा, हालचाल न करता, तोंड पाण्यात घालून पडलेला असतो. संकटात सापडलेला माणूसही अगदी तसाच दिसतो. बुडणारे मूल हाका मारत नाही, पाणी उडवत नाही. ते गुपचूप पाण्याखाली जाते. म्हणून स्नॉर्केलिंगमध्ये लक्ष ठेवणे म्हणजे हाताच्या अंतरावर असणे, आणि तेही एका मोठ्या माणसाने एकाच मुलाजवळ. असे मोजले, की "सर्वांनी एकत्र" ही यजमानांची कल्पना आपोआप बदलते, कारण नीट पोहता येणारे आणि प्रकृतीची चिंता नसलेले मोठे माणूस तुमच्याकडे एकच आहे. त्यांनी तीन पाळ्या कराव्यात. सकाळी अंगात ताकद असताना पहिली पाळी वडिलांबरोबर, पंधरा-वीस मिनिटांची. दुसरी मुलीबरोबर, हीच थोडी लांबू द्यावी, कारण 11 वर्षांच्या मुलीला हा छंद खऱ्या अर्थाने लागू शकतो. तिसरी मुलाची. त्या वेळी सासरे, सासूबाई आणि मुलगी किनाऱ्यावर, आणि पाण्यात मुलाच्या एका बाजूला त्याचे बाबा व दुसऱ्या बाजूला तुम्ही.

होय, तुम्हीसुद्धा. पत्रभर तुम्ही स्वतःला सामानाजवळ बसवून टाकले आहे, आणि पोहता येत नाही म्हणून तो आपला भाग नव्हे, असे ठरवून मोकळ्या झाला आहात. कमरेएवढ्या शांत पाण्यात, अंगावर मापाचे लाइफ जॅकेट घालून, पाय वाळूला टेकलेले असताना चेहरा पाण्यात घालण्यासाठी पोहता येण्याची गरज नसते. मुलाला हात देण्यासाठीही तुम्ही तेथे असणे मोलाचे आहे. पण त्याहीपेक्षा, इतक्या लांब जाऊन ते मासे तुम्हीच पाहू नयेत, हे मला मान्य नाही. भीती वाटली, तर उभे राहा. पाणी कमरेएवढेच आहे. यजमान इतरांबरोबर पाण्यात असताना मात्र तुम्ही मुलाला घेऊन एकटीने आत जाऊ नका.

मुलांना समुद्रात नेण्याआधी मुक्कामाच्या जागेच्या पोहण्याच्या तलावात दोन दिवस सराव करवा. आधी केवळ मास्क, मग उभ्याने नळीतून श्वास, मग कडेला धरून तरंगणे, आणि शेवटी नळीत पाणी शिरल्यावर जोरात फुंकून ते बाहेर काढणे. 6 वर्षांच्या मुलाच्या तोंडात नळी नीट बसली नाही, दातांत धरवेना, तर आग्रह धरू नका; त्याला फक्त मास्क आणि लाइफ जॅकेट द्या. दंडावर बांधायचे फुगे किंवा फुगवलेली कडी यांवर विसंबू नका, ती निसटतात.

मास्क मापाचा आहे की नाही, हे पाहण्याची रीत सोपी आहे: पट्टा डोक्यामागे न घेता मास्क नुसता चेहऱ्याला लावायचा आणि नाकाने श्वास आत ओढायचा, हात सोडल्यावरही तो चेहऱ्याला धरून राहिला, तर माप बरोबर. माझ्या 8 वर्षांच्या भाचीला मी एकदा भाड्याने मिळालेला मोठ्या माणसाचा मास्क पट्टा आवळून बसवला होता. पहिल्याच मिनिटाला डोळ्यांत खारे पाणी गेले आणि पुढचे दोन दिवस तिने समुद्राकडे पाहिलेही नाही. ती चूक समुद्राची नव्हती, माझी होती. म्हणून मुलांचे मास्क घरून, मापाचे आणि वापरून पाहिलेले न्यावेत. तुमच्यापैकी कोणाला चष्मा असेल, तर नंबराच्या काचांचे मास्क मिळतात. चष्म्याशिवाय धूसर दिसणाऱ्या माणसाला पाण्यात दिशाही नीट कळत नाही, म्हणून हा खर्च चैनीचा समजू नये.

डिसेंबरात तेथील पाणी साधारण 24 अंश सेल्सिअस असते. ऐकायला हे कोमट वाटते, पण पाणी अंगातील उष्णता हवेपेक्षा कितीतरी वेगाने ओढून घेते आणि लहान अंग लवकर गार पडते. मुलगा नको म्हणत असला तरी ओठ निळसर दिसताच किंवा दात वाजू लागताच त्याला बाहेर काढा, कोरडे करा. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घातला, तर ऊबही राहते आणि पाठ भाजतही नाही. पालथे तरंगताना मान, पाठ आणि गुडघ्यांच्या मागची बाजू सतत उन्हात असते आणि गार पाण्यामुळे ते जाणवत नाही. हवाईत 1 जानेवारी 2021 पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही प्रवाळाला अपायकारक मानली गेलेली द्रव्ये असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी आहे. झिंक ऑक्साइड असलेले सनस्क्रीन न्या आणि तेही कपड्याबाहेर उरलेल्या अंगापुरतेच लावा.

मुलांना एक गोष्ट मात्र आधीच समजावून सांगा: प्रवाळ म्हणजे खडक नव्हे. तो लहान लहान जीवांनी मिळून बांधलेला असतो, त्याचे भरीव गोल प्रकार वर्षाला जेमतेम एक-दोन सेंटीमीटर वाढतात आणि त्यावर एकदा पाय पडला, की कित्येक वर्षांचे काम मोडते. पायही कापतो, आणि ती जखम लवकर भरत नाही. उभे राहायचे ते फक्त वाळूवर. कासव दिसले, तर निदान तीन मीटर दूर राहायचे. किनाऱ्यावर मंक सील हा दुर्मीळ सील पहुडलेला दिसला, तर निदान पंधरा मीटर. शिंपले सुंदर दिसले तरी उचलायचे नाहीत, कारण शंकूच्या आकाराच्या काही शंखांतील जीव विषारी डंख मारतो.

या इतक्या सावधगिरीनंतर, पाण्यात तोंड घातल्यावर काय असते, तेही सांगायला हवे, नाहीतर हा सारा खटाटोप कशासाठी, असे तुम्हाला वाटेल. हवाईच्या प्रवाळांत राहणाऱ्या माशांपैकी सुमारे पाव जाती जगात दुसरीकडे कोठेही सापडत नाहीत. पोपटाच्या चोचीसारखे तोंड असलेला, तेथे उहू म्हणून ओळखला जाणारा मासा प्रवाळ कुरतडतो, तेव्हा तो आवाज पाण्याखाली स्पष्ट ऐकू येतो, आणि त्याने गिळलेले कण त्याच्या पोटातून पांढरी वाळू होऊन बाहेर पडतात. तुमची मुले ज्या वाळूत किल्ले बांधतील, तिच्यात त्याचाही वाटा आहे. डिसेंबरात हवाईच्या समुद्रात कुबड्या देवमासे आलेले असतात, आणि दैव बलवत्तर असेल, तर कान पाण्याखाली असताना त्यांचे दूरवरचे गाणेही ऐकू येते.

राहिल्या सासूबाई, आणि वाट पाहण्याचे ते पहिले दोन दिवस. वायकिकीच्या पूर्व टोकाला 1904 मध्ये सुरू झालेले वायकिकी मत्स्यालय आहे. ते लहान आहे, पायऱ्यांची दगदग नाही आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला तेथे सावकाश फिरता येते. पहिल्या दिवशी सगळ्यांनी तेथे जावे आणि आजीने नातवंडांना घेऊन काचेपलीकडचे मासे ओळखायला शिकावे. मग हनाउमाहून परतलेल्या नातवाने "आजी, तो आपला पिवळा मासा दिसला" असे सांगितले, तर त्यांना तो कोणता ते कळेल. मत्स्यालयाजवळच काइमाना नावाचा छोटा किनारा आहे, तेथे जीवरक्षक असतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी शांत असेल, तर मुलाला तेथे घोट्याएवढ्या पाण्यात मास्क लावून बसवता येईल. हवाईच्या राज्यमाशाचे नाव हुमुहुमुनुकुनुकुआपुआआ असे आहे. ते न अडखळता म्हणण्याचा सराव मुलांना आणि त्यांच्या आजोबांना आतापासूनच सुरू करायला सांगा. हनाउमाच्या उथळ पाण्यात तो मासा बऱ्याचदा दिसतो, आणि पाण्याबाहेर आल्यावर तो कोणी आधी पाहिला, हे सांगताना त्यांना ते लागणारच आहे.